ढोल कुठे येतो ते आधी सांगा

परवा रात्री मला एका ढोलामुळे झोप लागली नाही. सोसायटीत कोणाची हळद नव्हती, रस्त्यावर मिरवणूक नव्हती. ढोल वाजलाच नव्हता. तो सकाळी वाजणार होता, आणि नक्की कुठे वाजणार ते मला आठवत नव्हतं!

झालं असं की शनिवारी सकाळी पाच मुलांसमोर लावायचं एक गाणं मी निवडलं होतं. इंग्रजी रॉक गाणं, पण हळवं. एक गिटार, एक माणूस आणि त्याचं दुःख. आठवडाभर भांडी घासताना ऐकलं होतं. आडवी पडले आणि शंका आली. शेवटच्या कडव्याआधी तो ड्रमवाला येतो ना? की ते दुसरं गाणं? आणि येत असेल तर बेल वाजवून येतो की दार तोडून? उठून ऐकावं तर शेजारी जुई झोपलेली. मग काय, पंख्याकडे बघत मनातल्या मनात गाणं वाजवत राहिले. मनातला ढोल कधी इथे यायचा, कधी तिथे.

ही काळजी जगात सांगणार कोणाला? लोकांना मुलांच्या मार्कांची काळजी असते, स्क्रीनटाइमची असते. आम्हाला ढोलाची. त्यामुळे आमच्या शनिवारच्या ग्रुपचे किस्से बाहेर कुठे सांगता येत नाहीत आणि खुर्चीवरच्या धुतलेल्या कपड्यांसारखे साठत जातात. घड्या घालायला कोणाला वेळ असतो? आज म्हटलं, चार तरी घालू.

तर जुई माझी मुलगी, सहा वर्षांची. तिच्या कानांना आवाज टोचतो. ही माझी उपमा नाही, तिचाच शब्द आहे. कुकरची शिट्टी टोचते, डोअरबेल टोचते, सँडलचं वेल्क्रो उघडताना होणारा चर्र टोचतो. सगळ्यात जास्त टोचते ती शाळेची असेंब्ली, कारण तिथे स्पीकर आहे, ड्रम आहे आणि शाळाभर मुलं आहेत. सीनिअर केजीचं वर्ष तिने असेंब्लीच्या वेळी गेटपाशी मावशींच्या स्टुलाजवळ बसून काढलं. पण पहिलीत असं चालणार नाही, हे प्रिन्सिपल बाईंनी दिवाळीनंतर बोलावून सांगितलं. "असेंब्लीत बसायला लागली तर पहिलीत घ्यायला आम्हाला काहीच प्रॉब्लेम नाही."

म्हणजे नाही बसली तर आहे!

•

आमचं थेरपी सेंटर मुलुंड ईस्टला, एका डेंटिस्टच्या वरच्या मजल्यावर आहे. आवाज टोचणाऱ्या मुलांचं सेंटर आणि खाली ड्रिल! पण मुंबईत जागा मिळते तिथे मिळते. आमच्या गार्गी मॅडम, म्हणजे थेरपिस्ट, दर शनिवारी खाली जाऊन डॉक्टरांना विचारून येतात, "आज रूट कॅनाल किती वाजता?" त्याप्रमाणे आमचं टाइमटेबल.

एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "अंगाईगीतं आता पुरे. या मुलांना आवाज वाढताना ऐकायची सवय हवी. हळू सुरू होणारं, पायरी पायरीने चढणारं काहीतरी पाहिजे."

"मॅडम, मग रॉक बॅलड्स!" मी हात वर करून म्हटलं.

आयुष्यात कधी नाही ते मी पटकन उत्तर दिलं, आणि त्याची शिक्षा अजून भोगते आहे. त्या दिवसापासून ही हळवी रॉक गाणी निवडायचं काम माझं.

अंधेरीच्या कॉलेजात असताना मी फेस्टिव्हलला स्पीकरला अक्षरशः टेकून उभी राहायचे. छातीत ठोके जाणवले पाहिजेत, तरच गाणं! सासूबाईंचं म्हणणं आहे की जुई पोटात असताना मी तो धांगडधिंगा ऐकला, त्याचंच हे सगळं. तसं काही नसतं, हे मला डॉक्टरांनी नीट समजावलं आहे. मला पटलंही आहे. तरी कपाटातले बँडचे टी-शर्ट मी लादी पुसायला काढले.

•

पहिलं गाणं मी जीव लावून निवडलं. स्वयंपाकघरात फोनवर दहादा ऐकलं. इतकं मऊ, इतकं मऊ की जुई जवळच बसून पोहे खात होती.

सेंटरवर मॅडमनी ते मोठ्या स्पीकरला जोडलं. गाणं सुरू झालं मात्र, जमीन हलल्यासारखी झाली! फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून बेस ऐकूच येत नाही, हे कॉलेजभर स्पीकरला टेकलेल्या बाईच्या लक्षात येऊ नये? गिटारच्या खाली एक जाडजूड घुं घुं घुं चाललेलं होतं आणि आठवडाभर मला त्याचा पत्ताच नव्हता.

सुमेध टेबलाखाली. आर्यन बाथरूममध्ये, आतून कडी. जुई माझ्या ओढणीत.

सुमेधची आई प्रज्ञा माझी मैत्रीण. घाटकोपरला राहते, बँकेत काउंटरवर असते आणि तोंडाने एकदम रोखठोक. टेबलाखाली वाकून मुलाचा पाय ओढता ओढता तिने मला विचारलं, "गाणं आणायला सांगितलं होतं ना गं तुला? तू भूकंप घेऊन आलीस!"

घरी जाताना मला रडू येत होतं. संदेश, माझा नवरा, समजूत घालत म्हणाला, "अगं, पहिलाच प्रयत्न होता."

मी म्हटलं, "पहिली जूनमध्ये आहे."



•

आर्यनला आणतात ते त्याचे आजोबा, सावंत काका. भांडुपला राहतात. ऐन उमेदीची सगळी वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागाच्या खडखडाटात गेली, त्यामुळे त्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने मनात असेल तरच येतं. नातवाला मात्र बारीकातला बारीक आवाज सहन होत नाही. काका म्हणतात, "माझ्या वाटणीचो आवाज सगळो ह्येच्या कानात गेलो, गे बाय."

काकांच्या घरी गणपती असतो. आधी गावाला असायचा. पण तिथे वीस-पंचवीस माणसं, झांजा, ढोलकी. आर्यन माडाखाली जाऊन ओकायचा. म्हणून काकांनी गणपती भांडुपच्या घरात आणला आणि नियम केला: झांज नाही, टाळी नाही, आरती कुजबुजत म्हणायची.

आम्ही गेलो होतो दर्शनाला. दहाबाय बाराची खोली, माणसं खच्चून भरलेली आणि सगळ्यांचे नुसते ओठ हलतायत! मजल्यावरचे एक गृहस्थ प्रसादाला आले, दारातून आत डोकावले, चेहरा पाडून चपला काढल्या आणि कोपऱ्यात हात जोडून उभे राहिले. हळूच मला विचारलं, "कोण गेलं?"

मी त्यांना समजावते आहे, तोवर सगळे कुजबुजत कुजबुजत दुसऱ्या आरतीवर पोचले होते. इतका वेळ डोळे मिटून थांबलेल्या काकांनी डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय रे, सुरू कधी करतलात?"

हसून हसून मुरकुंडी वळली आमची. तोंडावर हात ठेवून, अर्थात. जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा मात्र काका म्हणाले, "गावचा घर ह्या दिवसांत बंद कधीच नव्हता. औंदा कुलूप आसा." आणि वळून आत गेले.

•

सेंटरची एक पद्धत आहे. कुठलाही आवाज करण्याआधी तो सांगायचा. "आता मी खुर्ची सरकवते हं." "आता मी कपाट लावते हं." सांगून आलेला आवाज कमी टोचतो.

ही पद्धत घरी नेली की ती अंगात मुरते. मी मिक्सर सांगून लावते, नळ सांगून सोडते. संदेश शिंकायच्या आधी "येतेय, येतेय, येतेय" असं ओरडतो. ते शिंकेपेक्षा मोठं असतं!

प्रज्ञाची तर हद्द झाली. मार्चअखेरची गर्दी, काउंटरवर एक आजोबा स्लिप घेऊन उभे. प्रज्ञाने शिक्का उचलला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि प्रेमाने म्हणाली, "आता मी शिक्का मारते हं. ठप्प होईल. घाबरायचं नाही."

आजोबा म्हणाले, "मार बाई. एवढं प्रेमाने इथे पहिल्यांदाच कोणी बोललं."

•

टाळ्यांचंही तसंच. सेंटरमध्ये टाळी नाही. कोणी काही चांगलं केलं की दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. पाऊस पाडल्यासारखी.

अंधेरीला आमच्या ऑफिसात एका सरांचा निरोप समारंभ होता. भाषण संपलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी दोन्ही हात वर करून बोटं हलवत बसले. सरांना वाटलं मला काहीतरी बोलायचं आहे. "हां, बोला बोला मॅडम, मनात ठेवू नका!"

सगळं ऑफिस माझ्याकडे बघतंय. मला त्या सरांचं आडनावसुद्धा धड आठवेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, तुमचा आवाज कधीच कोणाला टोचला नाही."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं हो!

•

जुईची प्रॅक्टिस घरी रोज संध्याकाळी. एकच बॅलड, बारीक आवाजात. दर दोन दिवसांनी आवाज एका रेघेने वाढवायचा. त्या वेळचं आमचं गाणं होतं बायको सोडून गेलेल्या माणसाचं. म्हणजे इंग्रजीत तो बरंच काही म्हणत होता, पण मथितार्थ तोच. मध्ये मध्ये त्याचा गळा दाटून यायचा आणि शब्दांच्या जागी नुसतं "ओ ओ ओ" व्हायचं.

तीन-चार आठवडे झाले असतील. खालच्या मजल्यावरच्या काकू मला भाजीवाल्यापाशी भेटल्या. इकडे तिकडे बघून माझा दंड धरला. "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

"हो काकू. का?"

"नाही, रोज संध्याकाळी ते रडतात, ऐकू येतं आम्हाला. पुरुष माणूस इतका रडतो म्हणजे... तुझ्या तोंडावरून तर काही वाटत नाही. तू मजेत भेंडी घेतेस!"

मी खरं काय ते सांगणार होते. मग जुईचं सांगावं लागलं असतं. मग "अगं होईल बरी, आमच्या नणंदेचा मुलगापण उशिराच बोलायला लागला" हे ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, "हो काकू, थोडं टेन्शन आहे."

तेव्हापासून लिफ्टमध्ये सगळे संदेशच्या पाठीवर थोपटतात. त्याला अजून कारण माहीत नाही. तो म्हणतो, "आपली सोसायटी किती चांगली आहे ना!"

•

आता आमच्या ग्रुपची सगळ्यात मोठी चूक. ही चूक जगात फक्त आम्हीच करू शकतो.

एक बॅलड सगळ्यांना आवडलं होतं. सुरुवात छान, गाणाऱ्याचा आवाज उबदार, शब्द साधे. फक्त मध्ये एक ढोल! मुलं प्रत्येक ड्रमला ढोलच म्हणतात. तो आला की सगळ्यांचे हात कानांवर. संदेशला कॉलेजपासून ऑडिओ एडिटिंगचा नाद. तो म्हणाला, "एवढंच ना? कापून टाकतो." एक अख्खी सुट्टी लॅपटॉपपुढे बसून त्याने ढोल काढला, त्यामागची किंकाळी काढली, दोन टोकं अशी जोडली की शिवण दिसू नये. मी ते ऐकून त्याच्या गळ्यात पडले. मला वाटलं, सुटलो! जगातली सगळी गाणी अशीच कापू. जमलं तर जगच कापू.

शनिवारी गाणं लावलं. मुलं शांत. गार्गी मॅडमनी मला अंगठा दाखवला. गाणं त्या जागेपाशी आलं आणि गुळगुळीत पुढे सरकलं.

सुमेध ताडकन उठला. "ढोल कुठाय?"

मॅडम म्हणाल्या, "आज ढोल नाही, सुमेध. आज हळू."

"ढोल कुठाय?"

प्रज्ञा त्याला घरी आठवडाभर मूळ गाणं ऐकवत होती, बिचारी मन लावून. ढोल कुठे येतो ते त्याला पाठ. त्या जागी हात कानांवर ठेवायचे आणि ढोल गेला की काढायचे, हेही पाठ. त्याने हात ठेवले होते, आणि ढोल आलाच नाही! आता ते हात काढायचे कधी?

तो रडायला लागला. त्याचं बघून आर्यन. मग जुई, "ढोल हरवला, ढोल हरवला" करत. जी मुलं ढोल आला म्हणून टेबलाखाली जायची, ती ढोल नाही म्हणून जमिनीवर लोळत होती. खालून डेंटिस्टचा माणूस वर आला, "मॅडम, पेशंट घाबरतायत!"

शेवटी संदेशने फोनवर मूळ गाणं शोधलं आणि लावलं. ढोल आला. सगळ्यांनी कान झाकून पुन्हा रडून घेतलं आणि मग सगळे शांत झाले.

प्रज्ञा भिंतीला टेकून खालीच बसली होती. केस विस्कटलेले, ओढणीवर सुमेधचं नाक. म्हणाली, "आला तरी रडायचं, नाही आला तरी रडायचं. ढोल आहे की नवरा?"

मॅडमसकट सगळे हसले. संदेश सोडून.

मग मुलं आत बिस्किटं खात होती तेव्हा आम्ही दोघी जिन्यात बसलो. प्रज्ञाने विचारलं, "खरं सांग, हे सगळं करून काही होणार आहे असं वाटतं तुला?"

"नाही," मी म्हटलं.

"मलापण नाही." तिने ओढणीचा डाग नखाने खरवडला. "पुढचं गाणं कुठलं?"

•

शाळेत एकदा ट्रायल घ्यायचं ठरलं. जुईने माझ्याबरोबर शेवटच्या रांगेत उभं राहायचं, असेंब्ली पूर्ण करायची. संगीताच्या सरांकडून मी प्रार्थना फोनवर रेकॉर्ड करून आणली. ड्रम कुठे येतो, किती येतो, आम्ही सगळं पाठ केलं. बॅलडवरच्या सगळ्या मेहनतीचा हाच तर उद्देश होता. स्पीकरपासून लांबची जागा मी आदल्या दिवशी जाऊन बघून ठेवली. नवस बोलले. कशाकशाला नाही बोलले!

प्रार्थना सुरू झाली. जुईची बोटं माझ्या हातात घामाने ओली. ड्रम आला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आला." आणि उभी राहिली! हात कानांवर नाहीत, डोळे मिटलेले नाहीत. मुलगी सगळ्यांसारखी उभी! मी पुढच्या रांगेतल्या मुलांच्या डोक्यांवरून प्रिन्सिपल बाईंकडे बघितलं. त्यांनीही मान हलवली. तेवढ्या वेळात मी पहिलीचा युनिफॉर्म विकत घेतला, पुस्तकांना कव्हरं घातली, डब्यात काय द्यायचं तेही ठरवलं.

प्रार्थना संपली. मोठ्या वर्गातली एक मुलगी बातम्या वाचायला माईकपाशी गेली. तिने माईक हलवला आणि माईक किंचाळला.

ढोलाचा अभ्यास केला होता हो. माईकचा नव्हता.

जुई जी ओरडली, ती त्या माईकपेक्षा मोठ्याने ओरडली. जमिनीवर पडून, डोकं दोन्ही हातांत धरून. शाळाभर मुलं मागे वळली, आणि सगळ्यांनी, अगदी सगळ्यांनी, आपापल्या कानांवर हात ठेवले!

आयुष्यात पहिल्यांदा माझी मुलगी कान झाकणाऱ्यांत नव्हती.

गेटबाहेर रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की तिचा एक बूट आतच राहिला. तो घेऊन प्रिन्सिपल बाई स्वतः धावत आल्या. बूट माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "आम्ही कळवतो."

त्या रिक्षात मी रडले नाही. रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की हॉर्न वाजवायचा नाही. तो बिचारा प्रत्येक सिग्नलला तोंडानेच "बाजूला, बाजूला" म्हणत होता.

•

आणि हा कालचा. ज्याच्या आदल्या रात्री मला झोप नव्हती तो शनिवार.

सकाळी सेंटरच्या जिन्यात उभं राहून मी आधी ते गाणं प्रज्ञाचे इअरफोन मागून घेऊन ऐकलं. ढोल होता! पण दार तोडून येणारा नव्हता. नीट ऐकलं तर तो पहिल्या क्षणापासूनच होता, इतका बारीक की भांडी घासताना मला कधी कळलाच नव्हता. गिटारच्या मागे, कोणीतरी उशीवर थापट्या मारल्यासारखा. मग कडव्याकडव्याला तो थोडा थोडा पुढे येत होता, लपत नव्हता, दचकवत नव्हता. शेवटच्या कडव्याआधी तो चांगला मोठा झाला. पण तोवर तो घरचा झाला होता.

इतके महिने मी हळू सुरू होणारी गाणी शोधत होते. खरं तर लपवाछपवी न करणारं गाणं हवं होतं. हे मला जूनच्या तोंडावर कळलं!

मॅडमनी गाणं लावलं. न कापता, पूर्ण. मोठ्या स्पीकरवर.

आर्यन काकांच्या मांडीवर होता, तिथेच राहिला. सुमेध टेबलाकडे बघत होता, गेला नाही. जुई चटईवर पालथी पडून एक पाय हलवत होती. ढोल मोठा झाला, तसा तो पाय ढोलाबरोबर हलायला लागला. प्रज्ञाने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. गाणं संपेपर्यंत खोलीत कोणी श्वाससुद्धा सांगितल्याशिवाय घेतला नसेल.

संपलं. कोणीही रडलं नाही.

आम्ही सगळ्यांनी हात वर केले आणि बोटं हलवली. मॅडम, प्रज्ञा, मी. गाणं संपलं हे बहुतेक काकांच्या चांगल्या कानापर्यंत पोचलं नसावं, ते आणखी थोडा वेळ मान डोलवत राहिले. आर्यनने त्यांचे हात धरून वर केले.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन थरथरला. मी तो नेहमी व्हायब्रेटवर ठेवते. शाळेचा नंबर होता.

मी जिन्यात आले. माझ्या मागे जुईही आली आणि पायरीवर माझ्या शेजारी बसून सँडलचं बक्कल लावायला लागली. मी फोन कानाला अगदी घट्ट दाबून धरला. प्रिन्सिपल बाई बोलत होत्या. आम्ही खूप विचार केला, जुई फार गोड आहे, पण पहिलीत आम्हाला नाही जमणार, तिच्यासाठी योग्य अशी दुसरी एखादी शाळा बघितलीत तर... मी "हो" म्हटलं. "बरोबर आहे" म्हटलं. आणि "थँक यू, मॅडम" म्हटलं. थँक यू कशाबद्दल, ते मलाच माहीत नाही.

फोन पर्समध्ये टाकला. आत मुलं बिस्किटं खात होती. खाली डेंटिस्टचं ड्रिलसुद्धा बंद होतं.

"कोणाचा फोन, आई?" जुईने विचारलं.

"अगं, गॅसवाल्याचा. सिलिंडर येणार आहे."

जुई बक्कलाचं भोक शोधत होती. तिने मान वर केली नाही.

"नाही. शाळेच्या बाई होत्या. पहिलीत जुई नको म्हणाल्या." बक्कल लागलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. चेहरा एकदम खूश.

"किती हळू म्हणाल्या ना, आई?"